कॅनव्हास प्रिंट बोर्डावर चिकटवताना आधी पाठ बघा

गेल्या वर्षी ऐरोलीच्या खाडीत बोटीतून काढलेला फ्लेमिंगोंचा एक फोटो मी मोठ्या हौसेने कॅनव्हासवर प्रिंट करून आणला, २ बाय ३ फूट, आणि एका रविवारी घरीच एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या, बोर्डावर फेविकॉलने चिकटवून टाकला. संध्याकाळपर्यंत झकास दिसत होता. चार दिवसांनी बघतो तर चारही कोपरे पुढे आलेले, वाळत घातलेल्या पापडासारखा बोर्ड वाकलाय, आणि घरी जो येईल तो फ्लेमिंगो सोडून बोर्डच बघतोय. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या फ्रेमवाल्या काकांकडे घेऊन गेलो तर त्यांनी पुढून बघितलंच नाही, हातात घेतला की सरळ उलटा केला आणि विचारलं, "पाठीला काय लावलंय?" म्हटलं काहीच नाही. "मग वाकणारच ना."

झालं काय होतं ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं. फेविकॉल म्हणजे निम्मं पाणी. ते बोर्डाच्या पुढच्या बाजूला लावलं की ती बाजू पाणी पिते आणि जरा फुगते, मग वाळताना गोंद आकसतो, कॉटनचा कॅनव्हास असेल तर तोही आकसतो, आणि दोघं मिळून बोर्डाला आपल्याकडे ओढतात. मागून उलट ओढणारं कोणी नाही, त्यामुळे बोर्ड पुढे वाकतो. म्हणून नियम एकच, पुढे जे कराल तेच मागे करा, त्याच दिवशी, त्याच गोंदाने. पुढे कॅनव्हास तर मागे साधा कोरा कॅनव्हास, तो नसेल तर जाड ब्राऊन पेपर, शाळेच्या पुस्तकांना जूनमध्ये कव्हर घालायचो तोच. मागची बाजू कोणाला दिसणार आहे असं वाटतं, पण बोर्डाला ती जाणवते ना.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे सगळं प्रिंटसाठी आहे. आजोबांच्या काळचं हाताने रंगवलेलं चित्र किंवा कोणा चित्रकाराने दिलेलं ओरिजिनल असं बोर्डावर चिकटवू नका, एकदा फेविकॉलने चिकटलं की ते सुखरूप परत निघत नाही. तसं काही असेल तर कॉन्झर्वेशनवाल्यांना, म्हणजे जुन्या कलावस्तूंची जपणूक-दुरुस्ती करणाऱ्यांना, दाखवा, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात त्याचं स्वतंत्र केंद्रच आहे. प्रिंट बिघडली तर दुसरी काढता येते, त्या हिशोबाने पुढचं वाचा.

प्रिंट काढायला देतानाच तीन गोष्टी विचारायच्या. पहिली, कॅनव्हास कॉटन आहे की पॉलिएस्टर की मिक्स. कॉटन दिसायला छान पण पाण्याने हलतो, पॉलिएस्टर फारसा हलत नाही, पहिल्यांदा करत असाल तर पॉलिएस्टर किंवा मिक्स घ्या, उगाच शहाणपणा नको. दुसरी, शाई कुठली. वागळे इस्टेटला बॅनर-फ्लेक्सच्या मशिनवर काढून देतात ती बहुतेक इको-सॉल्व्हंट असते, पाण्याला घाबरत नाही पण ताज्या प्रिंटला वास येत असतो, म्हणजे सॉल्व्हंट अजून उडतंय, अशी प्रिंट किमान २४ तास मोकळी पसरून ठेवायची आणि मगच चिकटवायची. फोटो लॅबवाले काढतात ती पाण्यातली पिगमेंट शाई, रंग सुरेख येतात पण वर व्हार्निशचा कोट नसेल तर ओल्या बोटाने डाग पडू शकतो. टेस्ट सोपी आहे, कडेच्या मार्जिनवर ओला कापसाचा बोळा दहा सेकंद दाबा, बोळ्याला रंग लागला तर आधी अ‍ॅक्रिलिक व्हार्निशचे दोन पातळ हात आणि एक दिवस वाळवण. तिसरी आणि सगळे विसरतात ती, चारी बाजूंनी जादा मार्जिन. नुसतं चिकटवून कापायचं असेल तर एक इंच पुरे, बोर्डाच्या कडेवरून मागे दुमडायचं असेल तर दोन इंच तरी हवेत. फाइलचं म्हणाल तर कॅनव्हासला स्वतःचा पोत असतो त्यामुळे इंचाला १५० पिक्सेल पुष्कळ झाले, म्हणजे २ बाय ३ फुटाला ३६०० बाय ५४०० पिक्सेल, हल्लीच्या बऱ्याच कॅमेऱ्यातून तेवढं निघतं.

आणि प्रिंट घरी आणताना घडी घालू नका, घालू देऊ नका. घडीवर कोटिंगला जी चीर पडते ती नंतर कशानेही जात नाही. रोल करायचा, तोही चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून आणि जाड पुठ्ठ्याच्या पाईपवर. तो पाईप प्रिंटवाल्याकडून मागून घ्या, टाकू नका, पुढे काम आहे त्याचं.

आता बोर्ड. एमडीएफ सगळीकडे मिळतो, एकदम सपाट असतो, फेविकॉल मस्त पकडतो, फक्त पाण्याशी त्याचं वैर, आणि जास्त करून कापलेल्या कडांतून पाणी शिरतं, तिथून तो पावासारखा फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही. २ बाय ३ ला ६ मिमी घ्या, ३ मिमीचा भिंतीवर लाटा मारतो. वजन साधारण अडीच किलो भरतं. त्याहून मोठं करायचं असेल तर मागे लाकडी पट्ट्यांची चौकट मारावी लागते, नुसती जाडी वाढवत गेलात तर खिळ्याची काळजी करत बसाल. प्लाय चालतो, पण स्वस्तातल्या प्लायवर शिरा आणि खड्डे असतात आणि ते सगळे आठवड्याभरात कॅनव्हासमधून वर दिसायला लागतात, आधी पुट्टी मारून घासावा लागतो, कोण करणार. सनबोर्ड, म्हणजे प्लास्टिकच्या फोमचा बोर्ड, पाण्याला भीत नाही, हलका, कटरने घरीच कापता येतो, पण उन्हात वाकतो आणि मोठ्या मापात पोट काढतो, दीड-दोन फुटापर्यंत ठीक. एसीपी, म्हणजे दुकानांच्या पाट्यांना वापरतात तो अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा-बोर्ड, तो सगळ्यात सरळ राहतो, ओल नाही वाकणं नाही, पण त्यावर फेविकॉल लावू नका.

का नको तेही सांगतो. फेविकॉल पाणी उडूनच वाळतो, एमडीएफमध्ये ते पाणी खाली बोर्डात आणि वर कॅनव्हासमधून दोन्हीकडे जातं. एसीपी आणि सनबोर्ड पाणी पीत नाहीत, वर कॅनव्हासला कोटिंग आणि त्यावर तुम्ही मारलेलं व्हार्निश, म्हणजे पाणी मधेच कोंडलं, मधला भाग आठवडाभर ओला राहतो आणि कडा सुटतात. या दोन बोर्डांना दोन्ही बाजूंनी चिकट असलेली फिल्म लागते आणि ती घरी हाताने लावायच्या भानगडीत पडू नका, एक बुडबुडा काढता काढता दुसरे चार होतात. पाट्या-बोर्डवाल्यांकडे कोल्ड लॅमिनेशनचं रोलरवालं मशिन असतं, त्यांच्या भाषेत पेस्टिंग, त्यांना सांगा कॅनव्हास पेस्टिंग करायचंय, दहा मिनिटांचं काम. तुमच्याकडे घाई असेल किंवा जुलै महिना असेल तर खरं सांगायचं तर हाच रस्ता धरा. आणि रबराचा तो उग्र वासाचा पिवळट गोंद, सनमायका चिकटवतात तो, कुठल्याच बोर्डाला नको. टेकवला की चिकटला, सरकवायला संधीच देत नाही, शिवाय रबराचे गोंद वर्षांनी पिवळे पडून कडक होतात. स्प्रेवालं अ‍ॅडेसिव्ह कागदाला ठीक आहे, जाड कॅनव्हासच्या कडा आपल्या हवेत ते फार दिवस धरून ठेवत नाही. जाता जाता, फळीवर किंवा भिंतीवर कॅनव्हास चिकटवण्याच्या या कामाला फ्रेंचमध्ये मारूफ्लाज म्हणतात आणि जुने लोक त्यासाठी पांढऱ्या शिशाचा जाड लेप वापरायचे, जो विषारी, तेव्हा आपला फेविकॉल काय वाईट.

तर एमडीएफ आणि फेविकॉल धरून चालू. कापून देणाऱ्या प्लायवाल्याकडूनच मापात कापून आणा आणि गुण्या लावून कोपरे तिथेच तपासा, घरी येऊन कळलं की एक कोपरा तीन मिमी तिरका आहे तर पुढे फ्रेमपर्यंत तो त्रास देतो. आणायला रिक्षा, २ बाय ३ मागच्या सीटवर आडवा बसतो, संध्याकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये घेऊन चढायचा प्रयत्न मी एकदा केलाय, परत करणार नाही. घरी आणल्यावर बोर्ड आणि प्रिंट दोन्ही दोन दिवस त्याच खोलीत राहू द्या. मग बारीक पॉलिश पेपरने दोन्ही बाजू हलक्या घासा, कडांची धार मोडा, ओल्या नाही, नुसत्या कोरड्या फडक्याने पुसा. पॉलिशवाले वापरतात तो सँडिंग सीलर चारी कडांना दोन हात, कडा भसाभस पितात, पिऊ द्या. मग एक भाग फेविकॉल आणि दोन भाग पाणी असं पातळ करून पुढे एक हात, मागे एक हात, आणि उभं करून पूर्ण वाळवा. हा हात म्हणजे बोर्डाची तहान भागवणं, नाहीतर खरा गोंद लावाल तेव्हा बोर्ड तो जागेवर पिऊन टाकेल आणि कॅनव्हासला चिकटायला काही उरणार नाही.

चिकटवण्याचा दिवस शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला. पावसात करायचंच असेल तर खोलीत एसी ड्राय मोडवर दोन तास आधी लावा आणि वाळेपर्यंत चालू ठेवा. पंखा मात्र बंद. एक तर गोंदावर लगेच साय धरते, दुसरं म्हणजे आमच्याकडे खिडकीत कबुतरं, पंखा लावला की कुठून तरी एक बारीक पीस तरंगत येतं आणि बरोबर ओल्या गोंदावर बसतं. ते कॅनव्हासखाली गेलं की आकाशात एक फोड. माझ्या दुसऱ्या प्रिंटमध्ये आहे, लोकांना ढग वाटतो, मी काही बोलत नाही.

आता मुख्य काम, याला दोन माणसं लागतात, एकट्याने करू नका. प्रिंट कोरडीच बोर्डावर ठेवा, चारी बाजूंना मार्जिन सारखं बाहेर आलंय बघा, क्षितिज किंवा उभी रेघ असेल तर ती बोर्डाच्या कडेला समांतर आहे का ते पट्टीने मोजा, नजरेवर जाऊ नका. जागा पक्की झाली की अर्ध्या भागावर मऊ चादर आणि वर वजन ठेवायचं म्हणजे प्रिंट हलणार नाही, आणि दुसरा अर्धा भाग पाईपवर सैल गुंडाळून उलटा घ्यायचा. उघड्या पडलेल्या अर्ध्या बोर्डावर फेविकॉल, पाणी न घालता, फार तर जराशी हबकी. दोन्ही अर्धे धरून पुढच्या बाजूला साधारण १०० ग्रॅम लागतो. चार इंची फोमच्या रोलरने पसरवा, आडवा एक हात, उभा एक हात, कुठे डबकं नको कुठे कोरडं नको, आणि कडांना विसरू नका, कडा सगळ्यात आधी सुटतात. तिरपा उजेड टाकून बघा, जिथे चमकत नाही तिथे गोंद नाही.

मग एकाने पाईप धरून हळूहळू उलगडत यायचं आणि दुसऱ्याने मागोमाग मधून कडेकडे दाबत जायचं. ओढायचं नाही. कॅनव्हास ताणून चिकटवला की वाळताना तो परत आपल्या मापाला जायला बघतो आणि कडा आत सरकतात. दाबायला रबरी रोलर असेल तर उत्तम. मी पहिल्यांदा घरातलं लाटणं घेतलं, आईने जे ऐकवलं ते ऐकवलंच, पण खरी गोची म्हणजे आमचं लाटणं मधे जाड आणि टोकांना निमुळतं, मधलाच पट्टा दाबला जातो. तो पुठ्ठ्याचा पाईप, एवढ्यात प्रिंटखालून मोकळा झालेला, सगळीकडे सारखा असतो, त्याला सुती फडकं गुंडाळा आणि वापरा. पहिला अर्धा बसला की वजन काढून दुसरा अर्धा तसाच. कडेने गोंद बाहेर आला तर लगेच किंचित ओल्या फडक्याने टिपा, पुसू नका, टिपा, प्रिंटवर पसरला की मॅट फिनिशवर तो चकाकता डाग कायमचा.

लगेच बोर्ड उलटा करायचा, खाली स्वच्छ चादर, आणि मागे कोरा कॅनव्हास किंवा ब्राऊन पेपर त्याच पद्धतीने. ब्राऊन पेपर असेल तर तो आधी किंचित ओलसर करून घ्या म्हणजे सुरकुत्या पडत नाहीत. इथे कंटाळा येतो, मला माहितीये, पुढचं झालं की चहा प्यावासा वाटतो. चहा नंतर.

वजन ठेवताना थर असे, खाली सपाट जमीन, त्यावर चादर, बोर्ड चित्र वर करून, चित्रावर बटर पेपर, त्यावर परत एक चादर म्हणजे कॅनव्हासचा पोत चेपत नाही, त्यावर प्लायचा तुकडा आणि त्यावर वजन. माझ्याकडे वजन म्हणजे वडिलांचे वीस-पंचवीस वर्षांचे दिवाळी अंक, घरातल्या इतर कुठल्याही वस्तूपेक्षा सपाट आणि भरपूर. तांदळाचा डबा ठेवू नका, एकाच जागी भार येतो. तासाभराने एकदा उघडून बटर पेपर बदला, कडेचा गोंद त्याला धरतो, आणि तेव्हाच बुडबुडे आहेत का बघून घ्या, त्या वेळी ते बोटाने कडेला ढकलता येतात. मग पूर्ण रात्र आणि दुसरा पूर्ण दिवस. मधे मधे उचलून बघायचा मोह होतो, बघू नका.

वाळल्यावर एखादा बुडबुडा सापडलाच तर दोन उपाय. फेविकॉल उष्णतेने मऊ होतो, त्यामुळे वर बटर पेपर आणि सुती कापड ठेवून कोमट इस्त्री, वाफ बंद, पाच-सात सेकंद, आणि लगेच वर जड पुस्तक ठेवून थंड होऊ द्या. पण आधी कापून उरणाऱ्या मार्जिनवर करून बघा, काही कोटिंगना इस्त्री मानवत नाही. इस्त्रीने नाही बसला तर मेडिकलमधून इन्सुलिनची सुई आणून पातळ केलेल्या फेविकॉलचा एक थेंब विणीतून तिरपा आत सोडा आणि दाबा. मोठा फुगा असेल तर मात्र नाद सोडा, तिथे गोंदच लागलेला नाही.

कापताना बोर्ड उलटा, चित्र खाली, कटिंग मॅटवर, आणि कटरला नवीन पातं. जुन्या पात्याने कॅनव्हासचे दोरे ओढले जातात. एका दमात कापायला जाऊ नका, स्टीलची पट्टी कडेला धरून तीन-चार हलके हात. कापलेल्या कडेवर बोटाने फेविकॉलची बारीक रेघ फिरवली की दोरे बसतात. दोन इंच मार्जिन ठेवून मागे दुमडणार असाल तर कोपरे पुस्तकाच्या कव्हरसारखेच, तिरका तुकडा कापून घडी आत, आणि ही दुमड मागचा कागद लावायच्या आधी. लहान मापाची प्रिंट असेल तर नुसत्या या मागच्या दुमडीवर धरून पुढे गोंद न लावताही चालतं, आणि उद्या काढायची झाली तर निघते.

फ्रेमचं थोडक्यात. कॅनव्हासला काच लावत नाहीत, लावायचीच असेल तर मधे पट्टी घालून अंतर ठेवा, चिकटली की संपलं. मोल्डिंगच्या आतली खाच किमान १० मिमी खोल हवी आणि आतलं माप बोर्डापेक्षा चारी बाजूंनी दीड-दीड मिमी मोठं, पावसात बोर्डाला हलायला जागा लागते. खाचेचा ओठ चित्राचा पाच-सहा मिमी झाकतो, हे मला माहीत होतं आणि तरी माझ्या डावीकडच्या फ्लेमिंगोची चोच फ्रेमखाली गेली, काका म्हणाले आता ते पक्षी लाजतायत असं सांगा. तसं नको असेल तर फ्लोटर फ्रेम सांगा, तीत बोर्डाच्या कडा मोकळ्या दिसतात. मागून बारीक खिळे मारताना फ्रेमच्या लाकडात मारा, बोर्डात नको.

लटकवताना मागे डी रिंग दोन, वरून एक तृतीयांश खाली, भिंतीतही दोन जागी भोक आणि प्लास्टिकची गिट्टी, एका खिळ्यावर चित्र तिरकं होत राहतं. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी बटणं चिकटवा, भिंत आणि फ्रेममध्ये तीन-चार मिमी हवा खेळली पाहिजे. बाहेरची, पावसाचा मारा खाणारी भिंत टाळाच, आमच्या सोसायटीत तर पश्चिमेकडची प्रत्येक भिंत जुलैत घाम गाळते. पहिला पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये एकदा खाली उतरवून उलटं करा, पाठीवर काळे ठिपके किंवा कुबट वास असेल तर कोरड्या ब्रशने झाडून दोन दिवस हवेशीर सावलीत ठेवा आणि जागा बदला. माझं आता बेडरूममधल्या आतल्या भिंतीवर आहे, पट्टी लावून बघितली, अजून सरळ आहे.